टिंब

मिरजेत, सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत
वरच्या मजल्यावर माझी खोली आहे.
खाली दस्तगीरचाचा घोडीवर कानस फिरवतात,
वर मी दवाखान्यातल्या जखमा मोजते.
पगारपत्रकावर हुद्दा : सांख्यिकी सहायक.

आधी माझ्याकडेही सगळ्यांसारखंच होतं.
पेपर_अंतिम, पेपर_अंतिम_दोन,
पेपर_खरंच_अंतिम, आणि एक
पेपर_मगदूमसरांनी_पाहिलेला,
जो त्यांनी पाहिलाच नव्हता.
मग पुण्याहून आलेल्या सुप्रभानं
आर-स्टुडिओच्या उजव्या कोपऱ्यात एक खिडकी उघडून दिली.
म्हणाली, ताई, फाइल एकच ठेवायची.
ती काल काय होती, परवा काय होती,
ते गिट सांभाळेल.

तेव्हापासून रोज संध्याकाळी
हिरवं ते घातलेलं, लाल ते काढलेलं,
चौकटीत बरोबरची खूण, एक वाक्य, आणि कमिट.
"वय ७ नव्हे, ७०. केसपेपर पाहिला."
"मधुमेहाचा रकाना दोनदा आला होता."
"आलेखाचा रंग बदलला. सरांना जांभळा आवडत नाही."
वाचायला बसलं तर रोजनिशीच,
फक्त मी काय जेवले ते तीत नाही.

आणि नावं नाहीत.
नावांची फाइल मी पहिल्याच दिवशी
गिटइग्नोरमध्ये घातली, नियमच आहे तसा.
म्हणून या इतिहासाला सगळं ठाऊक,
हौसाक्का तेवढी ठाऊक नाही.
ओळ क्रमांक एक्केचाळीस. मुक्काम मळणगाव.
टाके पिकलेले.
ड्रेसिंगच्या वेळी मला विचारायची,
"तू डाक्टर न्हाईस,
मग माजं काय लिवतीयास?"

मार्चमध्ये पी-व्हॅल्यू आली शून्य दशांश शून्य सहा.
मगदूम सर वाईट माणूस नाहीत.
चष्मा पुसत म्हणाले,
हे चार पेशंट जरा वेगळेच वाटतात, नाही?
बघा, काही करता येतं का.
फिल्टरची एक ओळ.
शून्य दशांश शून्य चार.
रिकामा निरोप गिटला चालत नाही,
काहीतरी लिहा, म्हणतं.
मी टिंब दिलं.

खोलीभाडं द्यायला खाली गेले
तर चाचा जवारी काढत होते.
कानशीचे दोन हात, मग तारेला कान,
मग पुन्हा दोन हात.
"एकदा घासलं की घासलं," म्हणाले,
"हाड परत उगवत नाही."
तरी फसलेल्या घोड्या ते टाकत नाहीत,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पंधरा-वीस आहेत.
एक काढून माझ्या तळहातावर ठेवली.
"ही घाईची.
गिऱ्हाईक दारात उभं होतं."

दोन दिवस मी लॅपटॉप उघडला नाही.
तिसऱ्या दिवशी रिव्हर्ट.
फिल्टरची ओळ लाल झाली
आणि माणसं चार परत आली,
एक्केचाळीस धरून.
या वेळी निरोप लांबला :
"चौघं परत घेतले. वेगळे नव्हते.
जखम पिकते का, हेच तर आपण मोजतोय."
उत्तर पुन्हा शून्य सहा.
सरांनी पुष्कळ वेळ पडद्याकडे बघितलं,
मग "बरं" म्हणाले,
आणि ओपीडीला गेले.

सुप्रभाला फोनवर सांगितलं.
ती म्हणाली, ताई, ते टिंबही काढता येतं,
एक कमांड आहे, जरा जपून वापरायची.
मी म्हटलं, असू दे.

आता यादी उघडली की दिसतं :
बारा मार्च, सायंकाळी सहा चाळीस,
माझं नाव,
आणि त्याच्यापुढे ते,
मुंगीएवढं.

खाली कानस थांबते. तार वाजते.
चाचा काही बोलत नाहीत.
कानस पुन्हा सुरू होते.